खाचेतले कार्ड आणि राहून गेलेली लिपी

यंत्र बनविणारा आपल्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून यंत्र बनवितो. त्या गरजांत जे बसत नाही ते यंत्रात राहून जाते. आणि ते राहून गेले आहे हे त्याच्या ध्यानी येतेच असे नाही. ज्याचे त्यावाचून अडते त्याला मात्र ते पहिल्याच दिवशी जाणवते. संगणकाच्या इतिहासात या गोष्टीचे एक बोलके उदाहरण आहे. ते एका लहानशा कार्डाचे आहे आणि त्या कार्डामागे एका लिपीची अडचण उभी आहे.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. हे यंत्र मेजावर मावेल एवढे होते आणि त्याची आरंभीची किंमत १,५६५ डॉलर होती. पेटीचे झाकण काढले म्हणजे आत मदरबोर्डावर पाच लांबट खाचा दिसत. कार्ड म्हणजे विद्युत्-भाग बसविलेली एक चपटी पट्टी. प्रत्येक खाचेत असे एक कार्ड बसवावे आणि त्या कार्डाने यंत्राला एखादी नवी शक्ती द्यावी, अशी ही योजना होती. पडद्यावर अक्षरे उमटविण्याची सोयसुद्धा मूळ यंत्रात नव्हती; तीही खाचेतल्या कार्डाकडूनच घ्यावयाची होती.

याकरिता आयबीएमने दोन कार्डे विक्रीस ठेवली. पहिले कार्ड एकरंगी पडद्याचे, मुख्यतः कचेरीच्या कामाचे. त्यावर उमटणारी हिरवी अक्षरे रेखीव आणि डोळ्यांना सुखकर होती. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे एकंदर २,००० अक्षरांच्या जागा असत. प्रत्येक अक्षरासाठी ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच असा एक चौकोन राखलेला असे. परंतु हे ठिपके वापरणाऱ्याच्या स्वाधीन नव्हते. संगणकाने कार्डाकडे केवळ अक्षराचा क्रमांक पाठवावा. कार्डाने आपल्या चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या २५६ आकृत्यांतून त्या क्रमांकाची आकृती काढून पडद्यावर मांडावी, एवढाच व्यवहार होता. दर जागेला दोन बाइट, एक अक्षराच्या क्रमांकाचा व दुसरा ते ठळक, अधोरेखित की साधे हे सांगणारा, याप्रमाणे ४,००० बाइट पुरत. म्हणून या कार्डावर अवघी ४ किलोबाइट स्मृती बसविलेली होती.

ही काटकसर हुशारीची होती, यात शंका नाही. तथापि तिचा परिणाम असा झाला की, त्या २५६ आकृत्यांत जे अक्षर नाही ते पडद्यावर कधीच येऊ शकत नसे. त्या आकृत्यांत इंग्रजी अक्षरे व अंक होते, युरोपातील भाषांची चिन्हांकित अक्षरे होती, काही ग्रीक अक्षरे आणि गणिताची चिन्हे होती, चौकटी आखण्याच्या रेघा होत्या. इतकेच नव्हे, तर दोन हसरे चेहरे आणि पत्त्यांतील बदाम, चौकट, किलवर व इस्पिक हेही होते. आशिया खंडातील कोट्यवधी लोक ज्या लिप्यांत लिहितात त्यांतील एकाही अक्षराला मात्र तेथे जागा मिळाली नव्हती. यात कोणाचा दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. ज्यांनी ती यादी केली त्यांच्यापुढे ती गरज आलीच नव्हती.

दुसरे कार्ड रंगीत पडद्याचे. त्यावर प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळविता येई, म्हणून कोणतीही आकृती काढणे तत्त्वतः शक्य होते. पण पडद्यावर उभ्या दिशेने ठिपक्यांच्या ओळी होत्या २००च. त्या मजकुराच्या २५ ओळींत वाटल्या म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम ८ ओळींची उंची येते. इंग्रजी अक्षर एवढ्या उंचीत कसेबसे मावते. ज्या लिपीत अक्षराच्या वर आणि खाली खुणा येतात तिची मात्र यात पुरती कोंडी होते.

थायलंडची लिपी ही अशीच एक लिपी. ती मुळात आपल्या ब्राह्मीच्याच कुळातली. तीत ४४ व्यंजने आहेत. स्वरांच्या खुणा व्यंजनाच्या पुढे, मागे, वर किंवा खाली लागतात. आणि थाई भाषेत सुरांच्या चढउताराने अर्थ बदलत असल्यामुळे सुरांच्या चार खुणा वेगळ्या आहेत. वर लागलेल्या स्वराच्याही डोक्यावर ही सुराची खूण बसते. म्हणजे खालचा स्वर, मधले व्यंजन, वरचा स्वर आणि त्यावर सूर असे लिपीचे चार मजले झाले. हे चार मजले ८ ओळींत बांधावयाचे तर एकेका मजल्याला दोनच ओळी मिळतात. असे अक्षर वाचणार कोण?

व्हान सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न होता. डॉक्टरेटच्या प्रबंधाचे काम आयबीएमच्या संगणकावर आणि आपल्या मातृभाषेच्या अक्षरांत करावे अशी त्यांची इच्छा होती. रेखीव पडद्याच्या कार्डावर ठिपके पुरेसे होते, पण ते स्वाधीन नव्हते. रंगीत पडद्याच्या कार्डावर ठिपके स्वाधीन होते, पण ते पुरेसे नव्हते. तेव्हा एका कार्डाचा रेखीवपणा आणि दुसऱ्याची मोकळीक ज्यात एकत्र आहे असे तिसरे कार्ड त्यांनी तयार केले. १९८२ साली केव्हिन जेंकिन्स यांच्यासमवेत त्यांनी कॅलिफोर्नियातील हर्क्युलिस या गावी कंपनी काढली. गावाचेच नाव कंपनीला आणि कंपनीचे कार्डाला मिळाले. ‘हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड’ या नावाने ते ४९९ डॉलरला विकले जाऊ लागले. अख्ख्या संगणकाच्या आरंभीच्या किमतीच्या जवळजवळ एक-तृतीयांश रक्कम एका कार्डासाठी मोजावयाची होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या कार्डाची रचना समजावून घेण्यासारखी आहे. सुवन्नुकुल यांनी आयबीएमच्या एकरंगी कार्डाचे सर्व गुण जसेच्या तसे ठेवले. तेच ८० अक्षरांच्या २५ ओळींचे गणित, तोच पडदा, छपाईयंत्र जोडण्याची तीच सोय आणि पडद्याचे नियंत्रण करणारी मोटोरोला कंपनीची तीच ६८४५ क्रमांकाची चिप. भर घातली ती स्मृतीची. ४ किलोबाइटच्या ठिकाणी ६४ किलोबाइट आले, म्हणजे सोळापट. आता पडद्यावर आडवे ७२० आणि उभे ३४८ असे एकूण २,५०,५६० ठिपके झाले. एका बाइटात आठ ठिपक्यांची नोंद मावते, म्हणून सबंध पडद्याला ३१,३२० बाइट लागत. ६४ किलोबाइटांत असे दोन पडदे राहू शकत: एक डोळ्यांपुढे असताना दुसरा मागे तयार करता येई.

आयबीएमच्या पडद्यावर ३५० ओळी होत्या. मग येथे ३४८ का, असा प्रश्न कोणी चिकित्सक विचारील. त्याचे उत्तर त्या चिपच्या मर्यादेत आहे. तिला उभ्या दिशेने १२७ पेक्षा जास्त रांगा मोजता येत नसत. म्हणून ठिपक्यांच्या चार-चार ओळींची एक रांग धरून ८७ रांगा करण्यात आल्या. सत्त्याऐंशी चोक तीनशे अठ्ठेचाळीस. उरलेल्या दोन ओळी सोडून दिल्या. बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपकडून तिच्या मूळ कामाहून अधिक काम करवून घ्यावयाचे, तर एवढा त्याग करणे भाग होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्डाने पाळलेला शेजारधर्म. संगणक सुरू करताच हे कार्ड आयबीएमच्या कार्डाप्रमाणेच वागे. अगोदर विकत घेतलेल्या आज्ञावली त्यावर काहीही बदल न करता चालत. ठिपक्यांची नवी शक्ती कोणी मागितली तरच ती जागी होई. शिवाय कार्डावरील दुसऱ्या पडद्याची स्मृती ज्या पत्त्यावर होती तोच पत्ता रंगीत कार्डाच्या स्मृतीचाही होता. दोन्ही कार्डे एकाच पेटीत असतील तर भांडण लागावयाचे. म्हणून तो दुसरा भाग एका नियंत्रणाने मिटलेला ठेवलेला असे आणि गरज असेल तेव्हाच तो उघडावा लागे. नवे देताना जुने मोडू नये ही दक्षता घेतल्यामुळेच लोकांनी हे कार्ड निर्धास्तपणे खाचेत बसविले.

थाई अक्षरांसाठी जन्मलेले हे कार्ड जगभर गेले ते मात्र निराळ्याच कारणाने. जानेवारी १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ ही हिशेबाची आज्ञावली बाजारात आली. तीत आकड्यांचे तक्ते मांडता येत आणि त्यांवरून आलेखही काढता येत. आयबीएमच्या एकरंगी कार्डावर तक्ता सुरेख दिसे, पण आलेख दिसत नसे. आलेख हवा असेल तर रंगीत कार्ड आणि दुसरा पडदा घ्यावा लागे. हर्क्युलिस कार्डावर दोन्ही गोष्टी एकाच रेखीव पडद्यावर दिसू लागल्या, कारण लोटसने या कार्डाची सोय आपल्या आज्ञावलीत केली होती. हिशेबनिसांना थाई लिपीशी काही कर्तव्य नव्हते. परंतु थाई लिपीला जे हवे होते तेच, म्हणजे प्रत्येक ठिपक्यावरचा ताबा, त्यांच्या आलेखांनाही हवे होते. पुढे इतर अनेक कारखानदारांनी या कार्डाच्या नकला काढल्या आणि एका विद्यार्थ्याची सोय बाजारातील सर्वमान्य पद्धत होऊन बसली. ज्यांची गरज आडवाटेची समजली जाते त्यांच्यासाठी केलेली सुधारणा पुष्कळदा हमरस्त्यावरच्यांनाही उपयोगी पडते, ती अशी.

हे एका बाहेरच्या माणसाला का करता आले, याचाही विचार केला पाहिजे. पहिले कारण त्या पाच खाचा. दुसरे कारण असे की, आयबीएमने या यंत्राची तांत्रिक पुस्तिका विक्रीस ठेवली होती. तीत मंडलांच्या आकृत्या आणि यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीचा मजकूरही छापलेला होता. कोणत्या तारेतून काय वाहते हे जाणून घेण्यासाठी कोणाची मनधरणी करण्याची आवश्यकता नव्हती. यंत्र बनविणाऱ्यांनी थाई लिपीचा विचार केला नव्हता हे खरे. पण ज्याला तो करावयाचा होता त्याची वाट त्यांनी बंद केली नव्हती, हेही तितकेच खरे.

हीच वाट इतर लिप्यांनीही चोखाळली. चीनच्या १९८० सालच्या प्रमाण यादीत ६,७६३ चित्राक्षरे होती. प्रत्येक चित्राक्षर १६ गुणिले १६ ठिपक्यांत बसविले तरी सर्वांच्या आकृत्यांना २,१६,००० हून अधिक बाइट लागतात. संगणकाच्या मुख्य स्मृतीवर एवढा भार टाकणे परवडणारे नव्हते. बीजिंगच्या संगणनतंत्र संस्थेतील नी ग्वांगनान या अभियंत्यांच्या कामातून १९८५ मध्ये चिनी अक्षरांचे कार्ड बाजारात आले. त्यात अक्षरांच्या आकृत्यांचा भार कार्डानेच उचलला होता. शिवाय एक शब्द टंकताच त्यापुढे येऊ शकणारे शब्द सुचविण्याची सोय होती. या सोयीला चिनी भाषेत ‘ल्येनश्यांग’ म्हणजे साहचर्य असे नाव होते. ते कार्ड विकणाऱ्या कंपनीने पुढे तेच नाव धारण केले. आज जगात लेनोवो म्हणून प्रसिद्ध असलेली ती हीच कंपनी होय.

आता देवनागरीकडे वळू. तिची अडचण संगणकाच्या फार आधीची आहे. गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली. परंतु साष्टीतील रायतूर येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन अक्षरांत. देशी लिपीत पुस्तके निघावीत अशी फादर स्टीफन्स यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ सालच्या एका पत्रात त्यांनी रोमला कळविले होते की, युरोपात २४ अक्षरांवर काम भागते, पण येथील लेखन अक्षरसंयोगांचे असल्याने साचे सहाशेच्या घरात जातात आणि एवढे साचे ओतणे अशक्यप्राय वाटते. मराठीच्या थोरवीचे मनापासून गुणगान करणारा हा ग्रंथ अशा प्रकारे परक्या अक्षरांचा वेष घेऊन जन्मला. शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत संपादून पुण्याहून प्रसिद्ध केला तो १९५६ मध्ये, म्हणजे ३४० वर्षांनी. ग्रंथकर्त्याला भाषा येत होती, लिपीही माहीत होती; अडले होते ते यंत्राच्या साच्यांपाशी.

ते सहाशे साचे आणि आयबीएमच्या चिपमधील २५६ आकृत्या यांचा मेळ कसा बसावा? कानपूरच्या आयआयटीमधील संशोधकांनी या प्रश्नाचे वर्म ओळखले. साठवावयाचे ते उच्चाराचे घटक, आणि दाखवावयाची ती त्यांपासून घडलेली आकृती. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की सहाशे साच्यांचे भय उरत नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे आले. तेथे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ‘जिस्ट’ नावाचे कार्ड पुढे आले. ‘जिस्ट’ म्हणजे ‘ग्राफिक्स अँड इंडियन स्क्रिप्ट टर्मिनल’. तेही संगणकाच्या खाचेत बसावयाचे कार्डच होते.

उदाहरणार्थ, ‘स्त्री’ हा शब्द घ्यावा. तो साठविताना स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे सहा क्रमांक पडतात. दिसताना मात्र एकच जोडाक्षर दिसले पाहिजे. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठविली जाते; पडद्यावर वेलांटी आधी आली पाहिजे. ही सर्व उलाढाल कार्ड करी. डीबेस, वर्डस्टार, लोटस यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावली आपल्या परीने क्रमांक पाठवीत राहत आणि पडद्यावर मराठी उमटे. हर्क्युलिस कार्डाने केवळ ठिपके दिले होते, अक्षरे घडविण्याचा भार आज्ञावलीवर होता; जिस्ट कार्डाने लिपीचे व्याकरणच कार्डात आणून बसविले.

या क्रमांकांची यादी १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ या नावाने प्रमाण केली. तिची खुबी अशी की, ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला बव्हंशी एकच असल्याने ‘क’ला सर्व लिप्यांत एकच क्रमांक दिलेला होता. एकदा साठविलेले नाव मराठी माणसाला देवनागरीत, बेळगावच्या कानडी शेजाऱ्याला कन्नडमध्ये, बडोद्याच्या गुजराती शेजाऱ्याला गुजरातीत आणि हैदराबादच्या तेलुगू शेजाऱ्याला तेलुगूत दाखविता येई. जेथे दोन भाषा एका भिंतीला पाठ लावून राहतात तेथील लोकांना या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

कार्डांचे आयुष्य मात्र थोडेच असते. आयबीएमच्या १९८४ आणि १९८७ सालच्या नव्या पडदा-पद्धतींत अक्षरांच्या आकृत्या बदलण्याची सोय आली. हर्क्युलिसनेही १९८६ मध्ये ३,०७२ आकृत्या सामावणारे सुधारलेले कार्ड काढले. पुढे संगणक इतके समर्थ झाले की, अक्षरे रेखाटण्याचे काम आज्ञावलीच सहज करू लागल्या आणि लिपीसाठी वेगळे कार्ड लागेनासे झाले. हर्क्युलिस हे नाव १९९९ मध्ये फ्रान्समधील गिलेमो कंपनीकडे गेले. टिकले ते क्रमांक. युनिकोड या जागतिक पद्धतीच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधारे झाली. आज मोबाइलवर मराठीत पाठविलेला निरोप त्याच क्रमाने साठविला जातो.

याच्या उलट, ज्यांनी आपापल्या खाजगी अक्षरसंचांतून केवळ अक्षराच्या दिसण्याची सोय केली आणि क्रमांकांची शिस्त पाळली नाही, त्यांच्या मजकुराचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. तो अक्षरसंच ज्या संगणकावर नाही तेथे तो मजकूर निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन दिसतो. छापील कागद राहिला, पण संगणकातले लेखन मुके झाले. राहून गेलेली सोय घाईने भरून काढताना ती सर्वांना कळेल अशा रीतीने भरणे किती आवश्यक आहे, याचा हा धडा आहे.

हे काम संपले असेही नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील दरबारांचा मराठी कारभार आणि पेशव्यांचे दफ्तर मोडी लिपीत लिहिलेले आहे. त्या मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये. स्थान मिळाले म्हणजे वाट मोकळी झाली. तिच्यावरून चालणे, म्हणजे कागद वाचणे, ते संगणकात आणणे आणि ज्यांना मोडी येते त्यांनी ती पुढच्या पिढीला शिकविणे, अजून बाकी आहे. सुवन्नुकुल यांनी कार्ड केले तेव्हा त्यांची वाट पाहत कोणी बसले नव्हते. आपल्या अक्षरांवाचून आपले अडते, एवढे त्यांना ठाऊक होते आणि खाच मोकळी होती. मोडीची खाचही आता मोकळी आहे. तीत काय बसवावयाचे हे मराठी माणसांनीच ठरविले पाहिजे.